फुकटची मैना

“केरबाऽ, माझ्या गुळाच्या खड्याऽ! पाय चेप की रे माझे!”

करंजनगरीच्या भर बाजारात, झुंबरशेटच्या तंबूत मैना बोलली आणि पैसे मोजून आत बसलेले लोक हसून हसून आडवे झाले. आवाज हुबेहूब भिवराचा! चारचौघांत नवऱ्याचे नाव कधी ओठावर न आणणारी ही बुरुडीण. आणि तिचा केरबा तर मिशांवर लिंबू ठेवावे असा पहिलवान. त्या दिवसापासून गल्लीतली कार्टीसुद्धा केरबापुढे पाय पसरू लागली. बिचाऱ्याने घराबाहेर पडणेच सोडले.

झुंबरशेटने घरोघर बोलक्या मैना फुकट वाटल्या होत्या. अट एकच, दर पौर्णिमेस पंख कातरायला त्याच्याकडे आणायच्या. जिच्या कंठी रसाळ मजकूर साठलेला, ती मैना “उडाली हो!” म्हणून तो ठेवून घेई आणि तंबूत बोलकी करी.

भिवरा तडक दरबारात गेली.

“महाराज, चार भिंतींतलं बोलणं ह्यानं बाजारात विकलं. न्याय करा!”

झुंबरशेटने हात जोडले. “मी एक शब्द बोललो असेन, तर जीभ झडो! बोलल्या त्या ह्या बाई. पुन्हा बोलली ती मैना. मी बापडा उगाच मधल्या मध्ये!”

महाराज भूपालसेन स्वतः वेष पालटून तंबूत जाऊन आले होते आणि मनमुराद हसले होते. ते म्हणाले, “मैना तुझ्या गळ्यात कुणी बळेच बांधली?”

“नाही, महाराज.”

“पिंजरा कुणी विणला?”

“मीच.”

“मैना तू घेतलीस, पिंजरा तू विणलास, शब्दही तुझेच! जपून बोलायला काय झालं होतं?”

“फुकट मिळाली म्हणून घेतली, हा माझा भोळेपणा. पण भोळेपणाला दंड आणि लबाडीला अभय?”

महाराजांचा पारा चढला. “उद्या डोक्यावर पायताण घेऊन, ‘चूक माझीच’ असं ओरडत बाजारभर फिर! हा निकाल आता फिरणार नाही. फिरलाच, तर माझ्याच तोंडून फिरेल. फिरवून दाखव पाहू! उद्या सकाळपर्यंत मुदत. मात्र विनवणी करायची नाही, रडायचं नाही आणि निकाल चुकला असंही म्हणायचं नाही!”

दरबार खो खो हसला.

घरी केरबा गाठोडे बांधून बसला होता. “चल, गाव सोडू.”

भिवराने छताकडे पाहिले. मैनेच्या पिंजऱ्याचा आकडा रिकामा होता. ऐकणारे कोणी उरले नव्हते. “केरबा, गाव आपण का सोडायचं? तू बांबू चिरून दे. पुढचं मी बघते.”

सकाळी ती दरबारात आली, ती हिरव्या रुमालाने झाकलेला पिंजरा घेऊनच. महाराजांशेजारी आज राणीसाहेबही बसल्या होत्या.

“हे काय आणलंस?” महाराज म्हणाले.

“पिंजरा, महाराज. शेट, तुम्ही मैना वाटल्यात, त्यातली पहिली कुठं टांगलीत?”

झुंबरशेट छाती फुगवून पुढे झाला. “अहो, खुद्द महाराजांच्या शयनगृहात! स्वहस्ते टांगली!”

“ती पंख कातरायला येते?”

“न येऊन कसं चालेल? गेल्याच पौर्णिमेला आली होती!”

महाराजांच्या तोंडचे पाणी पळाले. भिवराने रुमालाच्या गाठीला हात घातला.

“थांब!” महाराज सिंहासनावरून उठलेच.

“थांबायचं कशाला?” राणीसाहेब म्हणाल्या. “सोड गं ती गाठ! आम्हालाही ऐकू दे.”

“खबरदार! हात कलम करीन!”

“कुणाचा, महाराज?” भिवराने विचारले.

“रुमाल उचलणाऱ्याचा!”

“आणि शयनगृहात जो बोलला, त्याला काय दंड?”

“त्याला कशाचा दंड? माणूस आपल्या घरात बोलणार नाही, तर बोलेल कुठं? तिथलं उचलून चव्हाट्यावर मांडतो, तो चोर!”

भिवराने मुजरा केला. दरबाराच्या नजरा झुंबरशेटकडे वळल्या. झुंबरशेटची नजर दाराकडे.

प्रधान हलकेच खाकरले. “महाराज, निकाल लिहून घेऊ?”

“कसला निकाल?”

“आत्ताच दिलात तो.”

महाराजांनी पिंजऱ्याकडे पाहिले. “बरं, घ्या लिहून! पण आधी ती मैना इथून हलवा!”

भिवराने गाठ सोडली. पिंजरा रिकामा!

“आपली मैना आपल्याच खिडकीत आहे, महाराज. हा पिंजरा कालच विणला. ह्यात अजून पाखरू बसायचं आहे.”

“म्हणजे माझ्या शयनगृहातलं तुला काहीच ठाऊक नाही?”

“एक अक्षरही नाही! पण रिकाम्या पिंजऱ्याला आपण एवढे भ्यालात, म्हणजे काहीतरी असणारच!”

महाराज असे हसत सुटले की त्यांना मुकुट सावरेना. पायताण झुंबरशेटच्या डोक्यावर चढले; दारोदार ‘चूक माझीच’ ओरडण्याची पाळी त्याची आली. भिवराला नदीकाठचे बांबूचे सबंध बेट इनाम मिळाले.

राणीसाहेबांनी हातातल्या सोन्याच्या पाटल्या उतरवून तिच्यापुढे धरल्या.

“ह्या घे. आणि तो पिंजरा मला दे. रुमालासकट!”

महाराजांचे हसू तिथल्या तिथे आटले.