सरदार टॅगांची विनंती

सर्व्हरांना अजून बोलायचा कंटाळा आला नव्हता, त्या काळातली गोष्ट. एक एक्सएमएल विनंती, म्हणजे टॅग नावाच्या खुणांमध्ये बांधलेली चिठ्ठी, पार्सल कुठवर पोचलं ते विचारायला वेब सर्व्हिसच्या दारी गेली. कधीच बंद पडलेल्या एका सर्व्हिसच्या नमुन्यावरून या विनंतीबाई जशाच्या तशा उतरवलेल्या. पण प्रत्येक टॅगपुढे ‘सरदार’ हे बिरुद लावून ऐट राजवाड्याची.

“हे टॅग आमच्याकडचे नाहीत,” म्हणत तिथल्या सर्व्हरने तिला परत धाडलं.

बाईंनी पासवर्ड बदलला, मग वेशीवर पहारा देणाऱ्या फायरवॉलला शिव्या घातल्या. फायरवॉल म्हणाली, “मी अडवलं असतं तर तू सर्व्हरच्या दारापर्यंत पोचली असतीस का गं?”

तेवढ्यात एक बिनबिरुदाची विनंती आली आणि सरळ आत गेली. बाईंचं पित्त खवळलं. “हिला साधं बिरुदसुद्धा नाही!”

“बिरुद काय, कोणीही लावतं,” सर्व्हर म्हणाला. “घराणं कळतं ते माथ्यावरच्या नेमस्पेसच्या, म्हणजे टॅग कोणाचे ते सांगणाऱ्या ओळीवरून. तिच्या माथ्यावर आमचं घराणं आहे. तुझ्या माथ्यावर अजून त्या मेलेल्या सर्व्हिसचं आहे. तेवढं बदल आणि ये.”

बाई तणतणत घरी गेल्या आणि नटूनथटून परतल्या. माथ्यावरची ओळ तीच होती. बिरुद मात्र आता ‘राजाधिराज’ होतं.