बादलीभर शेणकाला

"पण बाबा, एकदा सगळ्यांसमोर तुमच्या तोंडून येऊ द्या ना. हरकत काय आहे?"

डॉक्टर पद्मनाभने पुन्हा तेच विचारलं. मठात आल्यापासून त्याचं हेच पालुपद होतं.

केवलबाबा चुलीपुढे उकिडवे बसून फुंकणीने फुंकत होते. ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत जात होता.

आपल्या औषधी पाण्याबद्दलचं पद्मनाभचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. मठातल्या तांबू गाईच्या कासेची जखम चिघळली होती. अँटिबायोटिक देऊन देऊन गुरांचे डॉक्टर थकले. जंतू त्या औषधाला सरावले होते. पद्मनाभने आपल्या प्रयोगशाळेतलं पाणी आणलं. त्यात चांदीचे कण, डोळ्यांना न दिसणारे. त्या पाण्याने धुतल्यावर जखम भरली. तांबू वासराला पाजू लागली.

झालं, स्वारी हवेत गेली. तेव्हापासून तो कॅनच्या कॅन ओतून रोज सगळा गोठा त्याच पाण्याने धूत होता. आता बाबांनी भक्तांना सांगावं, घरोघर हेच वापरा, एवढंच त्याला हवं होतं.

"एक जंतू जगत नाही, बाबा."

"एकसुद्धा?"

"पैजेवर सांगतो."

बाबांनी फुंकणी खाली ठेवली.

"आज पंगत आहे, आणि चूल लाकडांवर. का, ते विचारलं नाहीस."

"गोबरगॅस बंद पडलाय म्हणे. पाईप तुंबला असेल."

"पाईप मोकळा आहे... गोठ्यातलं पाणी कुठं जातं?"

"गोबरगॅसच्या टाकीत," पद्मनाभ म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं.

टाकीतल्या शेणाचा गॅस करतात ते जंतूच. हे त्याला कुणी सांगायला नको होतं; कॉलेजात तोच हे शिकवायचा. एका जखमेचं औषध त्याने गोठाभर ओतलं होतं. अँटिबायोटिक ऊठसूट देणाऱ्यांना तो भाषणांतून ज्या चुकीसाठी झोडपायचा, तीच ही चूक. त्याला मान वर करवेना.

"बाबा... आता काय करू?"

बाबांनी कोपऱ्यातली बादली त्याच्यापुढे धरली.

"टाकी उपसून ताजं शेण भरलंय. गॅस धरायला विरजण नाही. खालच्या वाडीत जा, भिक्षा मागून आण."

"शेणाची?"

"जिवंत शेणाची."

आल्या दिवशी बाबांनी दिलेली भिक्षेची झोळी त्याने हसून परत केली होती. आज तो मुकाट्याने निघाला.

वाडीत भागूबाई अंगण सारवत होती.

"आवं डॉक्टर, तुम्ही? अन् बादली कशाला?"

पाईप फुटला म्हणून सांगता आलं असतं. तेवढं खोटं बोलायचंही धाडस होईना.

"मठाची टाकी मारली मी, मावशी. तुमच्या गॅसच्या टाकीतला शेणकाला घाला थोडा."

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने बादली भरून दिली, वर म्हणाली, "लागला तर आणिक न्या."

चढावर काला हिंदकळून त्याच्या पँटवर सांडत होता. वाटेत पंगतीला निघालेली माणसं भेटली. एकाने ओळखीचं हसून नमस्कार केला, तेव्हा कुठं तोंड लपवावं असं त्याला झालं.

बाबा टाकीपाशी उभे होते. पद्मनाभने बादली खाली ठेवली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

बाबांनी पाय मागे घेतले.

"इकडे नाही," ते म्हणाले. "आधी बादलीला."