हंड्याची खळगी

आमच्या आंबेरसड्यावरच्या खेळपट्टीत, फलंदाजापासून चार पावलांवर, एक गोल खळगी आहे. चेंडू तिच्यात पडला की उसळत नाही, सरपटत जाऊन दांडी उडवतो. बाहेरगावचे संघ मग कमिटीच्या नावाने ओरडतात, आणि पाणी मागायला माझ्या दारात आले की मलाच विचारतात, "वहिनी, तुमच्या पोरांना पीच बनवता येत नाही काय?"

येतं. दरवर्षी एप्रिलात लाल माती घालून चोपतात, रूळ फिरवतात. मे महिन्यात कप सुरू होईपर्यंत खळगी पुन्हा हजर. का, ते माझ्या आजेसासूने सांगितलं तसं सांगते. फक्त तो चेंडू भिंतीवर आपटू नका, आत लेक झोपलीय.

चाकरमानी मुंबईहून मे महिन्यात येतात म्हणून कप मेमध्ये. विहिरीही मेमध्येच आटतात. मग उरतो सड्यापलीकडचा झरा, आणि त्याची वाट मैदानातून. बाकी सगळा सडा म्हणजे उघडा खडबडीत कातळ, डोक्यावर हंडा घेऊन चालता येत नाही.

फार पूर्वी भागी भुवड नावाची बाई त्या वाटेने पाणी आणत होती, म्हणे. डोक्यावर हंडा, मागून तीन वर्षांची यसू, हातात तिचा छोटा तांब्या. सामना रंगात आलेला. कोणीतरी जोरात मारलं आणि चेंडू यसूच्या कानशिलाला लागून सीमेपार गेला. पोर तिथेच पडली.

पुरुषमंडळी धावली. पण पोरीकडे नाही, पंचाकडे!

"माणसाला लागून गेला, चौकार कसला?"

"नियमात कुठं लिहिलंय लागू नये म्हणून?"

भागीने लेकीला जावेच्या ओटीत दिलं, परत आली आणि भरलेला हंडा खेळपट्टीवर ठेवला. म्हणाली, "बायका पाण्याला जात असताना इथं चेंडू पडणार नाही, असं ठरेपर्यंत हा हलायचा नाही."

पंच तिचाच दीर. तो म्हणाला, "उचल गो भागी, दोनच षटकं राहिलीत."

"तुम्हीच उचला भावोजी. नियमात बसवून उचला."

त्याने ओढून पाहिला. मग अकरा जणांनी, मग बावीस जणांनी दोर लावून. असं सांगतात की हंडा तसूभर हलला नाही. तीन दिवस उन्हात होता, पण पाणी बोटभरही उतरलं नाही. तिकडे चाकरमान्यांच्या रजा संपत आल्या. शेवटी कमिटी भागीच्या दारात आली आणि तिथेच बसून नियम लिहिला. मग ती गेली, हंडा एका हाताने उचलून कमरेवर घेतला आणि घरी आली. यसू वाचली, पण त्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. हंड्याखालची खळगी तेवढी राहिली.

नियम काय लिहिला माहितेय? "चौथ्या षटकानंतर पाणी." बस. लिहिणाऱ्याचा हात दुखत होता की काय कोण जाणे. बायका, हंडे, वाट, काही नाही. म्हणून तुम्हाला वाटतं, पाणी म्हणजे तुमचं प्यायचं. आम्ही वाटेवर असतो आणि तुम्ही बाटल्या तोंडाला लावून उरलेल्या वेळात टोले मारायचा सराव करता!

आणि यंदा तर कमिटीने ती ओळसुद्धा कपच्या नियमांच्या पत्रकातून काढली. मी सेक्रेटरींकडे जाऊन आले. म्हणाले, "वहिनी, प्रत्येक संघ आता आपल्या बाटल्या आणतो. पाण्याला वेळ कशाला घालवायचा?" मी सातवी शिकलेय, पण ती ओळ कशासाठी होती ते मला कळतं, त्यांना कळत नाही. नळ आलाय म्हणतात. आलाय, चार दिवसांतून एकदा खोकतो.

माझी लेक परवापासून माझ्यामागून येते. हातात तांब्या. घरी थांब म्हटलं तर ऐकत नाही, आणि चेंडू कुठून येतोय ते तिला कळत नाही. आठ षटकांचा खेळ तुमचा. माझं लक्ष सगळा वेळ मागे.

उद्या फायनल. चौथं षटक संपलं की आम्ही निघणार, पत्रकात असो नसो. तुम्ही थांबलात तर बरं.

आजही ती खळगी तेवढीच आहे, ना मोठी होते ना बुजते. सकाळी मैदानात कोणी नव्हतं, तेव्हा माझा हंडा तिच्यात ठेवून पाहिला. बरोबर बसतो.