आधीच भरलेला गोल

एकदा एक तरुण एका वृद्ध व्यापाऱ्याच्या पेढीवर धंदा शिकायला राहिला. नाव निनाद. संगणकात तरबेज, बाजारात मात्र अगदी नवखा. व्यापारी धान्याचे; सारी पेठ त्यांना अण्णा म्हणे.

पेठेची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असावी, याचा कौल घ्यायचे व्यापारी मंडळाने ठरवले आणि ते काम निनादकडे आले. त्याने मोबाइलवर भरायचा सुबक फॉर्म केला. सोमवार, गुरुवार, शनिवार; प्रत्येकापुढे एक रेडिओ बटण, म्हणजे एक बारीक गोल. एका गोलाला बोट लावले की तो भरतो आणि आधीचा आपोआप रिकामा होतो. एका माणसाला एकच मत. लबाडीला वावच नाही. आणि फॉर्म ओकाबोका दिसू नये म्हणून निनादने सोमवारचा गोल आधीच भरून ठेवला.

कौल आला. सोमवार भरघोस मतांनी पुढे! संध्याकाळच्या सभेत निकाल जाहीर करायचा मान निनादलाच होता. स्वारीने शर्टसुद्धा इस्त्री करून आणला.

दुपारी बांगड्या विकणाऱ्या हलिमाबी पेढीच्या पायरीवर येऊन टेकल्या. "शेटजी, सोमवारी पेठ बंद होणार म्हणे? खेड्यातल्या बायका आठवडी बाजाराला येतात त्या सोमवारी. माझी चूल त्या एका दिवसावर पेटते. बाकीच्या दिवशी काय कावळ्यांना बांगड्या भरू?"

"पण चाची, तुमचं मतही सोमवारलाच आहे," निनाद मोबाइलमध्ये पाहून म्हणाला.

"माझं? मी नाव टाकलं अन् 'पाठवा' दाबलं. मला वाटलं, वार ठरलेलाच आहे, आपण नुसती हजेरी लावायची."

"नीट वाचायचं ना, चाची!"

अण्णा गादीवर बसून सारे ऐकत होते. चहाची वेळ झाली, तेव्हा नवल घडले. रोज "काय घेणार, चहा की ताक?" असे विचारणाऱ्या अण्णांनी आज न विचारताच हलिमाबींना चहा दिला आणि निनादपुढे एक हिरवागार पेला ठेवला. अण्णांच्या साखरेच्या दुखण्यावरचा कारल्याचा रस! वडीलधाऱ्या माणसाने दिलेले नाकारावे कसे? निनादने डोळे मिटून घोट घेतला. चेहरा असा झाला, की हलिमाबींनी पदर तोंडाला लावला.

"आवडला वाटतं," अण्णा म्हणाले. "उद्यापासून रोज हेच."

"अण्णा, मी कधी मागितला हा?"

"नको तरी कुठे म्हणालास?"

"तुम्ही विचारलंत कुठे!"

अण्णा खळखळून हसले. "हेच तर चाची तुला सांगतायत. अरे, गिऱ्हाईक समोर उभं असताना माणूस जे दिसेल त्यावर बोट ठेवून मोकळा होतो. माझंही मत पाहा बरं. सोमवारच निघेल. त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता. गप्प राहिलेल्या माणसाच्या तोंडी तू उत्तर घातलंस, आणि वर त्यालाच म्हणतोस, तूच बोललास! विचारणाऱ्याने गोल रिकामा ठेवायला शिकावं. रिकामा दिसतो खरा. पण ती दुसऱ्याची जागा असते."

निनादने मोबाइलवर आपला फॉर्म पुन्हा उघडला. मग तो हळूच म्हणाला, "अण्णा, त्यात आणखी एक खोट आहे. या गोलांपैकी एकाला एकदा बोट लागलं, की सगळे पुन्हा रिकामे करता येत नाहीत. फार तर दुसरा भरता येतो."

"मग ज्याचं ठरलं नाही, त्यालाही एक गोल दे."

संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निनाद सभेत उभा राहिला, आणि "चूक माझी आहे, हा निकाल धरू नका," असे म्हणून खाली बसला. थोडा हशा पिकला, एकदोघांनी टोमणेही मारले. नवा फॉर्म गेला: सारे गोल रिकामे, आणि शेवटी एक चौथा, 'अजून ठरलेले नाही'. या वेळी तोच सर्वांत जास्त भरला. साहजिकच मंडळाने सगळ्यांना बसवून चर्चा केली. हलिमाबी तर सगळ्यांत मोठ्याने बोलल्या. सुट्टी गुरुवारची ठरली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी विचारले, "काय घेणार?"

"विचार करतोय, अण्णा."

अण्णांनी रिकामा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि निवांत वाट पाहत बसले.