ज्यांना काही केलं नाही ते मासे

"ज्यांना काही केलं नाहीस, ते मासे कुठे आहेत?"

लतीफबाबांनी याच शब्दांत विचारलं होतं का, याची आता मला खात्री नाही. अडतीस वर्षं मी हा प्रश्न मनात इतका घोळवला आहे, की त्यातले काही शब्द माझेच असतील. मासे कुठे आहेत, हे मात्र मला तेव्हाही ठाऊक होतं.

दर्गा डोंगराच्या पायथ्याशी होता. मागे दगडी कुंड, त्यात झऱ्याचं पाणी आणि बोटाएवढे काळसर मासे. ते कुणी धरत नसे. दर्ग्याची राखण करणारे बाबा त्यांना पोरं म्हणत. एखाद्याला हात लावायची वेळ आलीच, तर बाबा आधी आपला हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून बसत. बराच वेळ. मला ती तिथली काहीतरी रीत वाटली होती.

मी एकोणतीस वर्षांचा होतो, पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षात. बाबांनी मला वीस मासे दिले होते. अट एकच. ज्यांना त्रास देणार नाहीस, ते परत आणायचे. मी हो म्हटलं होतं.

"ते... प्रयोगशाळेत आहेत," मी म्हणालो.

"जिवंत?"

उत्तराऐवजी मी पिशवीतून एक्स-रेसारखी फिल्म काढली.

"हे बघा, बाबा. दहा मासे कुंडाइतक्याच थंड पाण्यात ठेवले, चोवीस अंशांवर. दहा चौतीस अंशांवर, तासभर. असा तडाखा बसला की पेशीतली काही जनुकं जागी होतात. ती एक प्रथिन बनवतात, ते बाकीच्या प्रथिनांना विस्कटू देत नाही. हे काळे पट्टे त्याचे."

बाबांनी फिल्म उन्हासमोर धरली.

"म्हणजे घराला आग लागली की धावून येतात ते शेजारी."

"तसंच समजा."

"आणि इकडचे?"

"ते थंड पाण्यातले. त्यांना काही केलं नाही. तुलनेसाठी असतात."

"काही केलं नाहीस, तर त्यांच्या पोटातलं तुला दिसलं कसं?"

मी पिशवीची चेन लावायला लागलो.

"सांग ना, डॉक्टर." पदवी मिळायच्या आधीपासून ते मला चिडवायला डॉक्टर म्हणत.

"यकृत काढावं लागतं, बाबा. सगळ्यांचंच... नाहीतर तुलना होत नाही."

बाबांनी नुसती मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पण इकडेही पट्टा आहे," ते म्हणाले. "फिका आहे. पण आहे."

"तो फिल्मचा दोष. धुताना डाग पडतात."

"दहाही ठिकाणी? एका रांगेत?"

"माझं काम मला कळतं, बाबा."

"ते दिसतंच आहे."

तो पट्टा खरा असेल तर माझी सगळी तुलना कोसळत होती. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते.

बाबा कुंडाच्या काठावर बसले. बाही वर सारून हात पाण्यात सोडला. मी घड्याळ बघत उभा. पोरं आली, त्यांच्या बोटांमधून फिरली, गेली, परत आली... मे महिन्याची दुपार होती. माझी मान घामाने भिजली होती.

शेवटी ते उठले. माझ्यामागे आले आणि तो हात त्यांनी माझ्या मानेवर ठेवला.

मी ओरडलोच. चष्मा खाली पडला.

"काय झालं?"

"काही नाही... दचकलो."

बाबांनी चष्मा उचलून माझ्या हातात दिला.

"मी तर काहीच केलं नाही," ते म्हणाले.

प्रबंधात फिल्म छापताना मी ती इतकी उजळ केली, की फिका पट्टा दिसेनासा झाला. पदवी मिळाली. पेढे घेऊन दर्ग्यावर जायचं ठरवलं होतं, गेलो नाही. दोन वर्षांनी बाबा वारल्याचं कळलं, तेव्हाही गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार होतो?

एकोणीस वर्षांनी, स्वतःची प्रयोगशाळा झाल्यावर, मी तो प्रयोग पुन्हा केला. या वेळी एकही मासा तापवला नाही. काही मासे हाताने धरून एका टबातून दुसऱ्यात सोडले, पूर्वी बाबांचे वीसही मासे हाताने मोजून टबात सोडले होते तसेच. बाकीच्यांना धरलंच नाही. ते होते त्याच पाण्यात हळूहळू भुलीचं औषध मिसळलं.

धरलेल्यांत तोच फिका पट्टा आला. न धरलेल्यांत आला नाही.

भीतीने, श्वास कोंडल्याने की आणखी कशाने, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. आजही येत नाही. पण सगळे घरी गेल्यावर, मासे धरले होते त्याच मुठीत मी उष्णतामापी धरला आणि पारा स्थिर होईपर्यंत थांबलो.

चौतीस अंश.