गूळ कुणी घातला?

फार जुनी गोष्ट. बिरू धनगराच्या तोंडात जिभेचं राज्य होतं. तिला गोडाची चटक, आणि रानात जवळचा गूळ संपलेला. ज्वारीच्या भाकरीचा घास आला की "सपक मेली!" म्हणून ती थुंकून टाकायची. उपाशी बिरूचे पाय लटपटू लागले, मेंढरं पांगू लागली.

लाळ म्हणाली, "बाई, घास जरा घोळव. मी बघते काय करायचं ते."

"तू मध्ये बोलू नकोस. तुला तर लोक पुसून टाकतात!" जीभ फणकारली.

पुढं थुंकण्याइतकंही त्राण उरलं नाही. घास तोंडातच राहिला. दात सावकाश चावत राहिले, लाळ मुकाट पाझरत राहिली. हळूहळू भाकरी गोड लागायला लागली.

"गूळ कुणी घातला?" जिभेनं विचारलं.

"भाकरीतच होता," लाळ म्हणाली. "तू कधी थांबलीच नाहीस."