धूर दिसल्यावर सुटणारी गाडी

घड्याळ बघू नका पाव्हणं, गाडी एवढ्यात सुटत नाही. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारलाय, अजून दोनदा मारील. त्याचाही जीव वरखाली होतोय, डेपोत उशिराची नोंद होते ना. पण आमच्या वाघवण्यातून कुणी बिऱ्हाड हलवत असलं, की त्याच्या घरातून धूर निघाल्याशिवाय ही एसटी जागची हलत नाही. आज माझा धाकटा निघालाय, बायकापोरं घेऊन, चाकणला. वर सून चूल पेटवतेय. ओल्या काटक्या घेतल्या असणार तिनं, सांगून ऐकेल तर शपथ.

त्याचं असं आहे. एका दुष्काळात सगळं गाव घाटाखाली उतरलं, असं सांगतात. मागं राहिली एकटी गोजराबाई. तिचा नवरा रावजी बैल जगवायला दूर मुलखात गेला होता. ‘पाऊस पडला की येतो, तोवर घर-जमीन राख,’ एवढं बोलून गेला. बैलगाडी तेवढी पडवीत होती.

अशात कोतवाल सांगत आला, उद्या सकाळी कचेरीचा कारकून येणार. सात चुली पेटत्या दिसल्या तर गाव, नाहीतर कागदावर बेचिराख. म्हणजे जिथं दिवाच लागत नाही ते. मग शिवार शेजारच्या गावाला जोडणार आणि आखलेला गाडीरस्ताही तिकडूनच नेणार. बाईला एकच घोर. रावजी परत आला तर येणार कुठं?

सकाळी कारकून खिंडीत घोड्यावरून उतरला, म्हणे. खाली यायचा त्यानं कंटाळा केला. तिथंच बसून शिदोरी सोडली आणि धूर मोजायला लागला. इकडं गोजराबाई या घरातून त्या घरात. रान आधीच बोडकं, गुरं नाहीत म्हणून गोवऱ्या नाहीत. तिसऱ्या चुलीलाच सरपण संपलं. चौथी पेटवायला जावं तर पहिली विझायची. शेवटी तिनं कुऱ्हाड घेतली आणि पडवीतल्या गाडीवर घातली. आधी साटा मोडला, मग दांड्या, मग चाकं. तिच्या बापानं लग्नात दिलेली गाडी ती. रडत रडत फोडली असं सांगतात. मला विचाराल तर तिला रडायला सवड नव्हती.

सात धूर झाले. कारकुनानं गाव लिहिलं आणि रस्ता इथूनच आला. तोच हा.

पाऊस झाल्यावर रावजी आला, बैल घेऊन. पण राहायला नाही. तिकडं त्यानं जमीन बघून ठेवली होती. गाडी जुंपायची, बायकोला बसवायचं नि निघायचं. पडवी रिकामी बघून भडकला. ‘गाडी जाळलीस? आता जायचं कसं?’ ती म्हणाली, ‘जायचं आहे का, हे मला विचारलंत कधी?’ तीन दिवस तो धुमसत बसला, चौथ्या दिवशी नांगर धरला. आम्ही सगळे त्यांचेच.

तेव्हापासून ही वहिवाट पडली. आजही गाव सोडणारा आधी चूल पेटवतो, मगच गाडीत चढतो. गाव रिकामं झालं असं कुणी लिहू नये म्हणून. माझ्या लहानपणी सहाशेवर माणूस होतं इथं, आता त्रेसष्ट. गाड्या चार यायच्या, दोन राहिल्या. त्या बाईनं गाडी जाळून रस्ता आणला आणि आम्ही त्याच रस्त्यानं निघून चाललोय. मला याचा राग येतो, पाव्हणं. पोरावर नाही, कुणावर ते कळत नाही.

तो बघा, निघाला धूर. आली सून, पिशव्या घेऊन. सरका जरा, मी उतरतो, माझ्या जागेवर नातीला बसू द्या. मला वर जायला हवं. बंद घरात विस्तव ठेवता येत नाही ना, मागं राहिलेल्यानं तो विझवायचा असतो. आजवर लोकांच्या चुली विझवल्या मी.